चार अक्षरांचं नाव

मावशींना स्वतःचं एक नाव आहे, ही गोष्ट लोकांच्या लक्षातच राहिली नाही. चौतीस वर्षं ज्या बाईने प्रसूतिगृहात सुईण म्हणून काढली, गल्लीतली निम्मी माणसं जिच्या हातांवर जन्मली, तिचं नाव काय असं विचारा, समोरचा डोकं खाजवत उभा राहील. मावशी. बस्स. पोस्टमन मावशी म्हणायचा, दूधवाला मावशी म्हणायचा, मोठे डॉक्टर वयाने वीस वर्षांनी मोठे, तेसुद्धा मावशीच म्हणायचे. नवरा होता तोवर तो 'अगं' म्हणायचा. आता 'अगं' हे काही नाव नव्हे, पण मावशींनी कधी तक्रार केली नाही.

खरं नाव चार अक्षरांचं होतं. आई हाक मारायची तेव्हा पहिली दोन अक्षरं भरभर म्हणायची, तिसऱ्यावर जरा टेकायची, आणि चौथं अलगद सोडून द्यायची. मावशी एकोणीस वर्षांच्या असताना आई गेली आणि तशी हाक मारणारं कुणी उरलं नाही. लिहायला मात्र ते नाव रोज लागलं. प्रसूतिगृहात जन्माची एक जाडजूड वही असायची. बाळाचं वजन लिहायचं आणि पुढच्या रकान्यात सुईणीने सही करायची. मावशींना तेव्हा लिहिता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर समोर बसवून ती चार अक्षरं गिरवून घेतली. आडनाव शिकवलंच नाही. "रकाना केवढासा आहे, मावशी. एवढंच मावतं. पण एक लक्षात ठेवा, सही वाचता आली पाहिजे. उद्या कुणी विचारलं की हे मूल कुणाच्या हातांवर आलं, तर उत्तर मिळालं पाहिजे." पुढे मावशी लिहायला वाचायला चांगल्या शिकल्या. सही तेवढी तशीच राहिली, गोल, सुटी, शाळेतल्या फळ्यावर काढल्यासारखी.

मावशींचा एक हट्ट होता. बाळंतपण झालं की घरची माणसं काहीबाही घेऊन यायची. कुणी कापड, कुणी फळांची टोपली, कुणी पाकीट. मावशी कशाला हात लावायच्या नाहीत. "मला पगार मिळतो," एवढंच बोलायच्या. एकदा नवीन लागलेल्या नर्सने खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "एका खाटेचं घेतलं ना, की शेजारच्या खाटेशी हात आपोआप सावकाश चालतात. मी पाहिलंय." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

आता माणसाचा स्वभाव असा, की उपकार अंगावर राहिले तर त्याला झोप लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी होता. त्याची बायको दोन दिवस कळा देत होती. मावशी त्या दोन दिवसांत घरी गेल्या नव्हत्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. शिंप्याने नुसत्या नजरेने माप घेऊन मावशींसाठी झगझगीत निळा झंपर शिवून आणला. मावशींनी तो घडीसुद्धा न मोडता परत केला. शिंपी रडकुंडीला आला. "मग मी करू तरी काय? रोज तुमच्यासमोरून जायचंय मला." तेवढ्यात टेबलावर उघडी पडलेली वही त्याला दिसली. "हे तुमचं नाव का?" मावशी हो म्हणाल्या. आठ दिवसांनी तो पुन्हा आला, बाळ कडेवर. "हिचं नाव ठेवलं. तुमचंच ठेवलं. आता हे परत करा बघू."

मावशी हसल्या. काय करणार? नाव कसं परत करतात?

तिथून जे सुरू झालं ते आवरेना. ज्याची टोपली परत गेली तो हाच मार्ग धरू लागला. बेकरीवाल्याची मुलगी, वायरमनच्या जुळ्यांतली थोरली, शाळेच्या शिपायाची धाकटी. बाकीच्या शहरात हे नाव तेव्हाच मागे पडलेलं होतं, पण प्रसूतिगृहाभोवतीच्या या पाच गल्ल्यांत त्याला असा बहर आला की विचारू नका. एका वर्षी पहिलीच्या वर्गात त्या नावाच्या नऊ मुली बसल्या. बाईंनी हजेरी घेताना नाव पुकारलं की नऊ जणी एका सुरात 'हजर' म्हणायच्या. बाई टेकीला आल्या. शेवटी लांब वेणी, चष्मा, शिंप्याची, गालफुगी अशी नावं पडली, आणि खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं राहिलं.

तिन्हीसांजेला मावशी ड्यूटी संपवून घरी निघायच्या तेव्हा खिडक्यांतून आया पोरींना हाका मारत असायच्या. तिसऱ्या मजल्यावरून स्वतःचं नाव ऐकू यायचं आणि पाठोपाठ, "वर ये आधी, मग तुझी पाठच सोलते." पहिल्यांदा असं झालं तेव्हा मावशी गपकन थांबल्या आणि वर बघून "ओ" म्हणाल्या. खिडकीतल्या बाईला हसू आवरेना, रस्त्यावरचेही हसले. मावशी लाजून चूर झाल्या. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. हे नाव कुणीही घेवो, आपण मान वळवायची नाही, हाक पोरींना असते. हळूहळू ते अंगवळणी पडलं.

नाव फार झालं की झिजतं. आयांना चार अक्षरं म्हणायला वेळ नव्हता, त्यांनी चौथं गाळलं. मैत्रिणींनी तिसरंही गाळलं. कॉलेजात गेल्यावर उरलेल्या दोनांना कुणी 'उ' लावला, कुणी शेवट असा वर उचलला की वाटावं प्रश्नच विचारतेय. लांब वेणीची परदेशात गेली. तिथल्या माणसांच्या जिभेला ते नाव झेपेना, म्हणून तिने पहिलं अक्षर ठेवून बाकीचं सोडून दिलं. मावशींना या बातम्या कळायच्या. "मुली सुखात आहेत ना, मग झालं," म्हणायच्या. मग मोठं इस्पितळ आलं. बंद दारांमागे कुणी कुणाला जन्माला घातलं ते बाहेरच्यांना कळेनासं झालं, आणि लोक मुलांना दोन अक्षरांची, नवीकोरी, कुणी न ऐकलेली नावं ठेवू लागले. शिंप्याचं दुकान बंद पडलं, तिथे मोबाइलची दुरुस्ती सुरू झाली. मुली लग्न होऊन पांगल्या. पाच गल्ल्यांत ते नाव धारण करणारी एकच मुलगी उरली. ती ठकी.

ठकी पायाळू जन्मली. आधी पाय, मग सगळं, आणि बाहेर आली तरी रडेना. निळी पडली होती. मावशींनी तिला उलटी धरली, थापट्या मारल्या, तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला, पुन्हा फुंकला. नवी नर्स घड्याळाकडे बघायला लागली तेव्हा मावशी तिच्यावर ओरडल्या, "घड्याळ नको बघू, टॉवेल गरम कर." मग ती रडली. रडली म्हणजे काय, छप्पर डोक्यावर घेतलं. आईने दुसऱ्याच दिवशी नाव सांगून टाकलं. मावशींनी तिला समजावलंसुद्धा. "अगं, जुनं झालं ते आता. पोरीला चिडवतील. काहीतरी नवीन ठेव." बाई ऐकेल तर शपथ.

पोर तीन वर्षांची व्हायच्या आत आई गेली. बाप कारखान्यात लेथवर काम करणारा, तोंडातून दिवसाला दहा शब्द काढणारा. मुलगी झाली तेव्हा तो कामासाठी दुसऱ्या गावी होता. नाव कुठून आलं, का आलं, त्याला पत्ता नव्हता. "तिच्या आईने ठेवलंय," एवढं त्याला माहीत. पहिली पाळी असली की तो सकाळी पोरीला खालच्या मजल्यावर, तोवर निवृत्त झालेल्या मावशींच्या खोलीत आणून सोडायचा. मावशींना स्वतःच्याच नावाने दुसऱ्याला हाक मारायला कसंसंच व्हायचं, म्हणून त्या ठकी म्हणू लागल्या आणि सगळ्या इमारतीने तेच उचललं. ठकी त्यांच्या मांडीवर वाढली, त्यांच्या फणीने विंचरून शाळेत गेली, तापात त्यांच्या कुशीत झोपली. आपलं नाव मावशींचं आहे, हे तिला कधी कळलं नाही. मावशींनी सांगितलं नाही. स्वतःच्या नावाची दवंडी स्वतःच पिटायची का?

आणि गंमत बघा, त्याच नावाची गाऱ्हाणी ठकी मावशींपुढेच मांडायची.

"मावशी, असलं कसलं गं नाव ठेवलं माझ्या आईने? वर्गात सगळे आजीबाई म्हणतात." हे दहाव्या वर्षी. "मावशी, मी नाव सांगितलं की लोक आधी हसतात, मग सॉरी म्हणतात." हे अठराव्या. चोविसाव्या वर्षी ती एका विमा कंपनीत मुलाखतीला गेली. साहेबाने कागद वाचला, वर पाहिलं आणि विचारलं, "अर्ज तुमचाच ना, की आजींचा उचलून आणलात?" घरी येऊन ठकीने ते नक्कल करून सांगितलं, स्वतःच खो खो हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मावशी मटार सोलत होत्या. शेंग हातात तशीच राहिली.

"नाव जुनं आहे खरं," त्या म्हणाल्या.

"बदलतेय मी. तिथेच नोकरी मिळालीय, एक तारखेला रुजू व्हायचंय. त्याआधी सगळ्या कागदांवर नवीन नाव पाहिजे. दोन साक्षीदार लागतात, जन्मापासून ओळखणारे. एक बाबा. दुसरा घराबाहेरचा हवा." तिने डोळे पुसले आणि फॉर्म मावशींपुढे सरकवला. "दुसरी तू. आणखी कोण आहे मला?"

वाईट वाटलं. का नाही वाटणार? मूल नव्हतं त्यांना, मागे काही राहणार होतं तर ती चार अक्षरं, आणि तीही झिजत झिजत या एका पोरीवर येऊन थांबली होती. पण मावशींना नाव जाण्यापेक्षा दुसरीच भीती जास्त होती. पोरीला कळलं तर ती फॉर्म फाडून टाकेल. मग जन्मभर ते नाव मावशींसाठी म्हणून वागवेल, दर वेळी कुणीतरी हसेल आणि दर वेळी ही गिळून टाकेल. मावशींना ते नको होतं. ज्या बाईने आयुष्यात कुणाचं काही ठेवून घेतलं नाही, ती या पोरीकडून एवढं मोठं देणं कसं घेणार होती?

त्यांनी आधी दुसरा साक्षीदार शोधून पाहिला. जुना कंपाउंडर लेकाकडे राहायला गेला होता. समोरचे मास्तर वारले होते. दूधवाल्याने पोरीला जन्मापासून पाहिलं होतं खरं, पण त्याचा स्वतःच्या जन्मतारखेचाच घोळ होता. राहिल्या मावशी. मग त्यांनी ठरवलं की सही अशी गिचमिड करायची की कुणाच्या बापाला वाचता येऊ नये. डॉक्टर लोक औषधाच्या चिठ्ठीवर करतात तशी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी दुपारभर सराव केला. छान जमलं. वेडीवाकडी रेघ, मध्ये गाठ, शेवटी फराटा.

दुसऱ्या दिवशी ठकी चहा टाकायला आत गेली तशी मावशींनी फॉर्म ओढला. साक्षीदाराच्या जागी पेन टेकवलं. आणि हाताने दगा दिला. चौतीस वर्षं रोज तेच केलेल्या हाताने, शेजारी रकाना दिसल्याबरोबर, चार अक्षरं काढली. गोल, सुटी, लांबून वाचता येतील अशी. मावशी बघतच राहिल्या. मग त्यांनी घाईघाईने फॉर्मची घडी घातली, पाकिटात कोंबला आणि ठकी कप घेऊन आली तेव्हा म्हणाल्या, "घडी मोडू नकोस. शाई ओली आहे."

"बॉलपेनाची शाई?" ठकी म्हणाली. पण तिचं लक्ष फोनकडे होतं, ते बरं झालं.

चहा झाल्यावर दोघी कचेरीत बरोबर गेल्या, कारण साक्षीदाराने हजर असावं असा नियम होता. बापाने फॉर्मवर आपली सही आदल्याच दिवशी रजा टाकून खिडकीशी जाऊन केली होती. लाकडी बाकावर मावशी बसल्या, ठकी खिडकीशी उभी राहिली. कारकुनाने पाकीट उघडलं, कागद उलगडला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि खिडकीच्या कडेवर बोट आपटलं.

"ताई, साक्षीदाराच्या जागी तुम्ही स्वतःचंच नाव लिहिलंय."

"मी? नाही हो."

"हे काय मग? वाचा." त्याने कागद तिच्याकडे फिरवला.

ठकी बघत राहिली. "नाव माझंच आहे," ती म्हणाली, "पण अक्षर माझं नाही."

"स्वतःची साक्ष स्वतःला चालत नाही. नवीन फॉर्म भरा. पुढच्या आठवड्यात या, या आठवड्याचे अर्ज आज बंद."

"पुढच्या आठवड्यात माझी एक तारीख उलटून जाईल."

"मग मी काय करू, ताई?"

मावशी बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. गप्प राहावं तर पोरीचं काम जात होतं. बोलावं तर सगळंच बाहेर येत होतं. त्यांनी पिशवी काखेत मारली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि खिडकीशी गेल्या.

"ती माझी सही आहे," त्या म्हणाल्या.

"आजी, तुम्ही तुमचं नाव लिहायचं. हे अर्जदाराचं झालं."

"तेच माझं नाव आहे."

कारकुनाने पुरावा मागितला. मावशींनी पिशवीतून प्रसूतिगृहाचं जुनं ओळखपत्र काढलं. कोपरे झिजलेले, फोटोतली बाई चाळिशीची, केस काळेभोर. कारकुनाने त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, सपाट आवाजात, एखाद्या वस्तूची यादी वाचावी तसं. काम, सुईण, तेही वाचलं. मग त्याने मावशींकडे पाहिलं, ठकीकडे पाहिलं, आणि शिक्का उचलायचा तो हात शाईच्या पॅडवर तसाच ठेवला.

ठकीने खिडकीतून ओळखपत्र ओढून घेतलं. "तुझं नाव?" तिने विचारलं. "म्हणजे माझं... मावशी, मी इतकी वर्षं तुझ्यासमोर बसून काय काय बोलले."

"खरं तेच बोललीस. जुनंच आहे ते."

"काका, तो अर्ज द्या परत. मला नाही बदलायचं."

"देऊ नका हो," मावशी कारकुनाला म्हणाल्या. मग ठकीकडे वळल्या. आवाज त्यांनी चढवला नाही, पण बाळंतिणीला दम देतानाचा तो जुना सूर त्यात आला. "हे बघ. तुझ्या आईला मी नको म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही. तिला काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्यापुढे तिचं दुसरं काही चालेना, म्हणून तिने हे केलं. ते तिचं आणि माझं झालं. तू का भरतेस? चोवीस वर्षं टोचलं ना तुला? मग काढून टाक. दयेपोटी ठेवशील तर मला रोज दिसेल ते तुझ्या तोंडावर."

"आणि तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल की. वाटतंय." मावशींनी चष्मा पुसला. "म्हणून काय झालं? वाईट वाटून मेलंय का कुणी? मारा हो शिक्का."

कारकुनाने ठकीकडे पाहिलं. ती अजून ओळखपत्रावरचं नाव वाचत होती. मावशींनीच कागद त्याच्या हाताखाली सरकवला, आणि शिक्का पडला.

दोघी बसने घरी आल्या. ठकी जिन्यावरून तडक वर गेली. दुसऱ्या दिवशी खाली आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मावशींनी दोन्ही दिवस चहा दोन कपांचा टाकला आणि एक कप ओतून दिला. पोर रागावली असेल, लपवलं म्हणून. रागावू दे, हक्कच आहे तिचा. असं मनाशी म्हणायच्या आणि पुन्हा दाराकडे बघायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मोरीत भांडी घासत होत्या. बाहेर जिन्यावरून कुणीतरी हाक मारली. चार अक्षरं, पुरती. मावशींनी मान वर केली नाही. कुणाच्या तरी पोरीला बोलावत असतील. तवा घासायचा राहिला होता, तो घेतला. पुन्हा हाक आली, या वेळी जवळून, आणि चार अक्षरांच्या मागे 'मावशी' जोडलेलं.

हात थांबले. दारात ठकी उभी होती, नव्या नोकरीचे कपडे घातलेली, केस ओले.

"दोनदा हाक मारली. ओ तरी दे की."

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला," त्या म्हणाल्या.

"दुसरं कोण आहे आता त्या नावाचं?" ठकी आत आली आणि मोरीच्या कट्ट्यावर बसली. "मी नीट म्हटलं का? बाबांना विचारलं, त्यांना काही सांगता येईना. तुला हाक कोण मारायचं?"

"आई."

"कशी मारायची?"

मावशींनी हात पदराला पुसले. स्वतःचं नाव त्यांनी कित्येक वर्षांत तोंडाने उच्चारलं नव्हतं. मग त्यांनी ते म्हटलं, आई म्हणायची तसं, हळू आवाजात.

ठकीने म्हणून पाहिलं. "नाही," मावशी म्हणाल्या. "भरभर गेलीस. तिसऱ्यावर जरा टेक." ठकीने पुन्हा म्हटलं. "टेक, पण बसू नकोस तिथे. चौथं सोडून दे." ठकी उठली, दाराबाहेर गेली, चार पायऱ्या वर चढली आणि तिथून हाक मारली. पहिली दोन भरभर आली, तिसऱ्यावर आवाज टेकला, चौथं अलगद सुटलं.

मावशींनी तवा खाली ठेवला. "ओ," त्या म्हणाल्या. "आले."